परसातील कोंबड्यांची टोचाटोची : कारणे आणि उपाय

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर हा कापूस, सोयाबीन आणि तूर पिकविणारा तालुका आहे. नागपूर–हैदराबाद महामार्ग जाम येथून या तालुक्यातून जातो आणि हिंगणघाटची बाजारपेठही जवळच आहे. येथील शेती मुख्यतः पावसावर अवलंबून असल्याने पीक हाती येईपर्यंतच्या काळात घरखर्चाला हातभार लावणारे लहानसहान जोडधंदे कुटुंबाला मोलाचे वाटतात. परसातील कोंबड्या हा अशा जोडधंद्यांपैकी सर्वांत कमी भांडवलाचा धंदा होय. त्याची देखभाल बहुधा घरातील स्त्रीच करते आणि अंड्यांचे पैसे तिच्याच हाती राहतात. मुलांच्या वह्या, औषधपाणी, बचत गटाचा हप्ता अशा गरजा त्यातून भागतात.

देशाच्या पातळीवरही या धंद्याचे महत्त्व वाढत आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार भारतातील कोंबड्या व इतर पाळीव पक्ष्यांची संख्या सुमारे ८५ कोटी १८ लाख होती. त्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लाख पक्षी परसात पाळलेले होते. २०१२ च्या तुलनेत परसातील पक्ष्यांची वाढ सुमारे ४६ टक्के होती.

मात्र संख्या वाढली की एक जुनी अडचण नव्या स्वरूपात पुढे येते. जिच्या अंगणात आजवर पाच-सहा गावरान कोंबड्या मोकळ्या फिरत होत्या, ती स्त्री वीस-पंचवीस सुधारित पक्षी आणते. कुत्रा, मुंगूस व रानमांजर यांच्या भीतीने त्यांना जाळीच्या खुराड्यात ठेवते. काही दिवसांनी एखाद्या कोंबडीच्या पाठीवरची पिसे नाहीशी झालेली दिसतात. पुढे तेथे रक्त दिसते आणि एका सकाळी ती मरून पडलेली आढळते. कोठलाही रोग नसताना कळपातील पक्षीच तिला टोचून मारतात. असे दोन-चार पक्षी गेले की घरातील माणसांचे मन या धंद्यावरून उडते. हे नुकसान बहुतांशी टाळता येण्याजोगे आहे. त्यासाठी टोचाटोची कशामुळे होते, हे आधी समजून घेतले पाहिजे.

मानाची उतरंड

कोंबड्यांच्या प्रत्येक कळपात एक उतरंड असते. सर्वांत वरची कोंबडी इतर सर्वांना टोचते. दुसरी कोंबडी पहिलीखेरीज बाकीच्यांना टोचते. आणि सर्वांत खालची कोंबडी कोणालाच टोचत नाही. नॉर्वेतील प्राणिशास्त्रज्ञ थॉर्लीफ शेल्डेरुप-एब्बे यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी ही व्यवस्था शास्त्रीय रीतीने मांडली. ते लहानपणापासून घरच्या कोंबड्यांचे निरीक्षण करीत असत. पुढे हीच कल्पना इतर प्राण्यांच्या अभ्यासातही वापरली जाऊ लागली.

ही उतरंड एकदा स्थिर झाली की भांडणे कमी होतात. खालच्या कोंबडीला नुसती मान उंचावून दाखविली तरी ती बाजूला होते. म्हणून दाणे टाकताना होणारी थोडीशी चोचाचोची हा धोक्याचा इशारा मानू नये. धोका निर्माण होतो तो उतरंड वारंवार मोडली जाते तेव्हा, किंवा खालच्या कोंबडीला पळून जाण्यास जागाच उरत नाही तेव्हा. कळपात ६ कोंबड्या असतील तर एकमेकींशी मान ठरविण्याच्या जोड्या १५ होतात. १२ कोंबड्या असतील तर त्या ६६ होतात. कळप दुप्पट होताच संघर्षाचे प्रसंग चौपटीहून अधिक होतात, ही गोष्ट नवे पक्षी आणताना ध्यानात ठेवावी.

पिसे उपटणे ही वेगळी बाब

मानासाठी होणारी टोचाटोची डोक्यावर व तुऱ्यावर होते. पाठीवरची आणि शेपटीच्या बुडाची पिसे उपटणे हा प्रकार मात्र भांडणाचा नसतो. कोंबडी ही मूळची आशियातील जंगलात पाचोळा उकरून जगणारी जात आहे. मोकळी असताना जागेपणीचा अर्ध्याहून अधिक वेळ ती जमीन उकरण्यात आणि किडे, दाणे, कोवळी पाने टिपण्यात घालविते. टणक जमिनीच्या, रिकाम्या खुराड्यात तिला उकरण्यास काहीच मिळत नाही. चोच चालविण्याची तिची प्रवृत्ती मात्र कायम असते. मग ती चोच शेजारच्या कोंबडीच्या पिसांकडे वळते.

एकदा त्वचा उघडी पडून रक्त आले की प्रकरण हाताबाहेर जाऊ लागते. लाल रंगाकडे कोंबड्या चटकन आकर्षिल्या जातात. एकीने टोचलेल्या जागी दुसरी टोचते आणि पाहता पाहता सर्व कळपाला ती सवय लागते. रक्ताचा लाल रंग पक्ष्यांना दिसू नये म्हणून परदेशांत त्यांच्या डोळ्यांवर रंगीत काचांचे चष्मे लावण्याचेही प्रयोग झाले. अमेरिकेत कोंबड्यांच्या चष्म्यासाठी १९०३ मध्ये एकस्व देण्यात आले होते, यावरून ही अडचण किती जुनी व सार्वत्रिक आहे हे कळते.

जखम कोठे आहे ते पाहावे

कारण शोधण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे जखमेची जागा पाहणे.

डोके, तुरा व गलोल यांवर जखमा असतील, तर मानाचे भांडण, नव्या पक्ष्यांची भर किंवा नरांची अधिक संख्या हे कारण असण्याचा संभव असतो. मात्र तुऱ्यावर कोरड्या खपल्या व फोड असतील तर तो देवी रोग असू शकतो. अशा वेळी पशुवैद्यकाला दाखवावे.

पाठ व शेपटीचे बूड उघडे पडले असेल, तर दाटी, रिकामपण, खाद्यातील उणीव किंवा उवा-पिसवांचा त्रास यांचा संशय घ्यावा. एक नर आणि थोड्या माद्या असल्यास नराच्या नखांमुळेही माद्यांच्या पाठीवरची पिसे झडतात. ठराविक काळानंतर होणारी नैसर्गिक पीसगळ याहून वेगळी असते. तीत त्वचेवर जखम नसते आणि नव्या पिसांची टोके दिसू लागतात.

अंडे देण्याच्या जागेभोवती जखम असेल तर ती सर्वांत धोक्याची. पहिल्यांदाच अंड्यावर आलेल्या तलंगांमध्ये अंडे घालताना आतील लाल भाग क्षणभर बाहेर येतो. मोठे अंडे किंवा अंगावरची चरबी यांमुळे तो बाहेरच राहिला, तर इतर कोंबड्या त्यावर तुटून पडतात आणि थोड्याच वेळात आतडी बाहेर काढतात.

लहान पिलांच्या पायांच्या बोटांवर जखमा असतील, तर प्रखर उजेड, अति उष्णता, दाटी अथवा भूक यांपैकी एखादे कारण असते. पिलांना ऊब देणारा दिवा फार खाली टांगलेला असतो, किंवा खाद्याची भांडी थोडी असल्याने सर्व पिलांना एकाच वेळी खाता येत नाही.

समुद्रपूरच्या ऋतुचक्रातील धोक्याचे दिवस

वर्षातील काही काळ या दृष्टीने अधिक जोखमीचा असतो. पहिला काळ मृगाच्या पेरणीचा. कोंबड्या शेजाऱ्याच्या वावरातील बियाणे उकरतात, म्हणून त्यांना खुराड्यात डांबले जाते. त्यामागोमाग काळ्या मातीचा चिखल होतो आणि पक्षी कित्येक दिवस आतच राहतात. खालची गादी ओली होते, दुर्गंधी सुटते, जखमांवर माश्या बसून अळ्या पडतात.

दुसरा काळ उन्हाळ्याचा. वर्धा जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत आणि कधी त्याच्याही वर जातो. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकत ती अंगातील उष्णता बाहेर टाकते. सावलीच्या आणि पाण्याच्या जागी सर्व पक्षी एकवटतात आणि तेथेच टोचाटोची सुरू होते. टिनाच्या पत्र्याखालचे खुराडे भट्टीप्रमाणे तापते. पत्र्यावर पऱ्हाट्या अथवा तुराट्यांचा जाड थर द्यावा, उन्हाच्या बाजूला ओले पोते टांगावे आणि पाण्याची भांडी सावलीत दोन-तीन ठिकाणी ठेवावीत. एरवी मोठा पक्षी दिवसाला सुमारे पाव लिटर पाणी पितो. कडक उन्हात ही गरज दुपटीच्या घरात जाते.

जागा, उकरण आणि उजेड

दिवसा मोकळ्या सोडल्या जाणाऱ्या पक्ष्यांना रात्रीच्या खुराड्यात प्रत्येकी दीड ते दोन चौरस फूट जागा पुरते. पण दिवसभर आतच ठेवावयाचे असेल तर प्रत्येकी चार चौरस फूट जागा धरावी. १० फूट लांब व ५ फूट रुंद खुराड्याचे क्षेत्रफळ ५० चौरस फूट होते. त्यात रात्रीपुरते २५ पक्षी राहू शकतील, पण दिवसभर कोंडून ठेवावयाचे तर १२ च. पेरणीच्या दिवसांत होणारी चूक नेमकी येथे असते. रात्रीच्या हिशेबाने बांधलेल्या जागेत पक्षी रात्रंदिवस राहतात. यावर उपाय म्हणून खुराड्याला लागून जाळीचे किंवा तुराट्यांच्या ताटीचे छोटे कुंपण करावे.

खुराड्यात चार ते सहा इंच जाडीची कोरडी गादी असावी. भाताचा भुसा, गव्हांडा किंवा कोरडे कुटार यांपैकी जे मिळेल ते चालते. या गादीत रोज सायंकाळी मूठभर दाणे फेकावेत; ते शोधताना पक्षी उकरत राहतात आणि गादीही खालीवर होऊन कोरडी राहते. शेवग्याचा पाला, लसूणघास किंवा पालेभाजीची जुडी डोक्याच्या उंचीवर टांगावी. एका कोपऱ्यात राख व कोरडी माती यांचा खड्डा ठेवावा. त्यात लोळून पक्षी अंगावरचे कीटक झाडतात. बसण्यासाठी दांड्या असाव्यात आणि प्रत्येक पक्ष्याला सहा ते आठ इंच दांडी मिळावी. खालच्या मानाच्या कोंबडीला उंच दांडी हा मोठा आसरा असतो.

अंडी घालण्याची जागा अंधारी आणि एकांताची असावी. दर चार-पाच कोंबड्यांमागे एक जागा पुरेशी होते. आडवा ठेवलेला जुना माठ, टोपली किंवा लाकडी खोका चालतो. त्यात गवत घालून पुढे पोत्याचा तुकडा सोडावा. अंडे घालणारी तलंग इतरांच्या नजरेआड राहिली की तिच्यावरील हल्ल्याचा धोका पुष्कळ कमी होतो.

खाद्यातील उणीव

खाद्यात प्रथिने कमी पडली की पक्षी ती पिसांतून मिळविण्याचा प्रयत्न करतात. नुसती ज्वारी, मका किंवा तांदळाची कणी यांतून शक्ती मिळते, परंतु प्रथिने पुरेशी मिळत नाहीत. अंड्यावरील कोंबडीच्या खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिने असावी लागतात. पिलांना त्याहून अधिक लागतात. मोकळी कोंबडी किडे व वाळवी खाऊन ही गरज बरीचशी भागविते. तिला कोंडले की ती जबाबदारी पालकावर येते.

समुद्रपूर तालुक्यात सोयाबीन घरोघरी असते, म्हणून ते कोंबड्यांना घालण्याचा मोह होतो. पण कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन रोखणारा घटक असतो. तो उष्णतेने निष्प्रभ होतो. यास्तव सोयाबीन चांगले भाजून व भरडूनच द्यावे. सरकीची ढेप गाईम्हशींना चालते, परंतु तिच्यातील गॉसिपॉल हे द्रव्य कोंबड्यांना अपायकारक असून त्यामुळे अंड्याच्या बलकाचा रंगही बिघडतो. ती देऊ नये. तिळाची ढेप उपयुक्त आहे, कारण पिसांच्या वाढीला लागणारे आणि कडधान्यांत कमी असणारे मेथिओनीन तिच्यात चांगल्या प्रमाणात असते. तूर व हरभरा यांची चुनी, तसेच सुकी मासळी थोड्या प्रमाणात मिसळता येते.

मिठाची उणीव हेही टोचाटोचीचे एक कारण आहे. घरी तयार केलेल्या १०० किलो खाद्यात ३०० ते ५०० ग्रॅम मीठ मिसळावे. त्याहून अधिक मीठ विषारी ठरते, म्हणून ते अंदाजाने न टाकता मोजूनच घालावे. अंड्यावरील पक्ष्यांना शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडीची भरड वेगळ्या भांड्यात ठेवावी.

खाद्याची मांडणीही महत्त्वाची आहे. प्रत्येक पक्ष्याला सुमारे चार इंच जागा मिळेल असे लांबट पात्र घ्यावे. खाद्य व पाणी दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावे. एका भांड्याजवळ वरचढ कोंबडी उभी राहिली तरी दुबळीला दुसरीकडे खाता येते.

रक्त दिसले तर त्याच दिवशी

जखमी कोंबडी दिसताच तिला लगेच वेगळी करावी. "उद्या पाहू" म्हणण्याइतका अवधी नसतो. पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्याने जखम धुवावी. त्यावर जंतुनाशक जांभळे औषध लावावे. ते न मिळाल्यास हळद व खोबरेल तेलाचा लेप द्यावा. पावसाळ्यात माश्या दूर ठेवण्यासाठी जखमेभोवती कडुनिंबाचे तेल लावता येते. लाल रंगाचे औषध मात्र टाळावे, कारण तो रंगच इतर पक्ष्यांना बोलावतो. अंडे देण्याचा मार्ग बाहेर आला असेल, जखम खोल असेल किंवा अळ्या पडल्या असतील, तर पशुवैद्यकीय दवाखान्यातच न्यावे.

टोचणारी कोंबडी बहुधा एक किंवा दोनच असतात. शांतपणे अर्धा तास बसून पाहिले की ती ओळखू येते. तिलाही चार-पाच दिवस दूर ठेवावे. परत आल्यावर तिला आपले स्थान नव्याने मिळवावे लागते आणि तिचा जोर बहुधा ओसरतो.

बरी झालेली कोंबडी एकदम कळपात सोडू नये. काही दिवस तिला डालग्याखाली किंवा जाळीआड, इतरांना दिसेल अशी ठेवावी आणि मग रात्री अंधारात दांडीवर बसवावी. विकत आणलेले पक्षी तर रोगाच्या भीतीने आधी दोन-तीन आठवडे पूर्णतः वेगळे ठेवावेत आणि नंतर याच रीतीने मिसळावेत. लहान-मोठ्या वयाचे पक्षी एकत्र करू नयेत. आठ ते दहा माद्यांमागे एक नर पुरे होतो. असील जातीच्या रक्ताचे नर विशेष झुंजार असतात, त्यांना एकत्र ठेवू नये. कोंबड्यांच्या झुंजी लावणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाखाली गुन्हा आहे, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे.

चोच कापावी काय ?

मोठ्या व्यापारी कुक्कुटशाळांत पिलांच्या चोचीचे टोक तापलेल्या पात्याने कापण्याची पद्धत रूढ झाली. परसातील पक्ष्यांसाठी तिचा अवलंब करू नये. चोचीत मज्जातंतू असतात आणि कापण्याने पक्ष्याला वेदना होतात. शिवाय ज्या कोंबडीने जमिनीवरचे किडे व दाणे टिपून पोट भरावयाचे, तिचे साधनच त्यामुळे बोथट होते. अंगावरच्या उवाही तिला वेचता येत नाहीत. दाटी, उणे खाद्य आणि ओली गादी ही कारणे मात्र तशीच राहतात. नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड या देशांनी ही पद्धत कायद्याने बंद केली आहे.

ग्रामपंचायत, शाळा आणि विस्तार यंत्रणा

हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संस्थेने विकसित केलेल्या वनराजा व ग्रामप्रिया यांसारख्या सुधारित जाती परसातील पालनासाठीच तयार केलेल्या आहेत. परंतु पिले देण्याआधी लाभार्थीकडे किती चौरस फूट जागा आहे, पेरणीच्या महिन्यात पक्षी कोठे राहतील आणि प्रथिनयुक्त खाद्य कोठून येईल, या तीन प्रश्नांची उत्तरे घेतली गेली पाहिजेत. जागेच्या मानाने पक्षी कमी दिले तर योजनेचे काहीही बिघडत नाही; अधिक दिले तर उरलेले पक्षीही हातचे जातात. वाटपाच्या दिवशीच बचत गटाच्या सभासद स्त्रियांना पक्ष्यांची तपासणी आणि जखमेचा प्रथमोपचार प्रत्यक्ष करून दाखविता येईल.

पंचायत सदस्यांना आणखी एक गोष्ट करता येण्याजोगी आहे. पेरणीनंतर अंकुर वर येईपर्यंत पक्षी आवारात ठेवावे लागतात, हे खरे. त्या काळासाठी तुराट्यांच्या ताट्या उभारण्याचे काम गावातील गटांनी मे महिन्यातच उरकले, तर कोंबड्यांवरून होणारे शेजाऱ्यांचे तंटेही टळतील आणि पक्षीही दाटीतून वाचतील.

शिक्षकांच्या दृष्टीने हा विषय निरीक्षणाचा उत्तम पाठ आहे. घरच्या पाच-सहा कोंबड्यांच्या पायांत निरनिराळ्या रंगांचे दोरे सैलसर बांधावेत आणि दाणे टाकल्यावर कोण कोणाला टोचते, याची नोंद मुलांनी आठवडाभर वहीत करावी. त्या नोंदींवरून कळपाची उतरंड मुलांना स्वतःच मांडता येईल. सर्वांत खालची कोंबडी कोणती हे ज्या घरातील मुलाला ठाऊक असेल, त्या घरात पहिली जखमही वेळीच दृष्टीस पडेल.

टोचाटोची थांबविण्यासाठी लागणाऱ्या बहुतेक वस्तू खेड्यात उपलब्ध आहेत : कुटार, राख, तुराट्या, जुना माठ, पाल्याची जुडी आणि मोजून घातलेले मीठ. त्यांच्या जोडीला रोज सायंकाळी पक्षी आत घेताना प्रत्येकाच्या पाठीवर एक नजर टाकण्याची सवय हवी. एवढी दक्षता घेतली तर अंड्यांचे पैसे त्या घरातील स्त्रीच्या हाती वर्षभर येत राहतील.